हृदयाची पेशी घडते कशी? मूलपेशी, जनुकांची बटणं आणि वेळेचं गणित



दहावीच्या विज्ञानात मूलपेशींची ओळख होते. बारावीच्या जीवशास्त्रात लॅक ओपेरॉन येतो: दुधातली साखर मिळाली की ई. कोलाय जिवाणू ती पचवणारी जनुकं सुरू करतो, साखर संपली की बंद करतो. दोन्ही धडे आपण वेगवेगळ्या वर्षी शिकतो, त्यांच्यावरचे प्रश्न सोडवतो आणि विसरतो. पण हे दोन्ही धडे एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत. आजच्या पाठात ते तुकडे जोडायचे आहेत आणि त्यासाठी आपण हृदयाच्या स्नायूची पेशी घेणार आहोत.

सुरुवात वर्गात हमखास येणाऱ्या प्रश्नाने करू. "सर, सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो म्हणता. मग हृदयाचीच पेशी धडधडते, कानाच्या पाळीची का नाही धडधडत?"

प्रश्न लहान आहे, पण विकासाचं सगळं जीवशास्त्र त्यात आलं.

आपल्या डीएनएत प्रथिनं बनवण्याच्या सूचना देणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. हृदयाच्या पेशीत ती सगळी आहेत आणि कानाच्या पाळीच्या पेशीतही सगळी आहेत. (प्रौढ तांबड्या रक्तपेशीत केंद्रकच नसतं, हा अपवाद लक्षात ठेवा, परीक्षेत विचारतात.) पण जनुक असणं वेगळं आणि ते चालू असणं वेगळं. समजा गावातल्या प्रत्येक घरात एकच जाड पोथी आहे, पण एका घरात तिसरा अध्याय उघडलेला आहे आणि दुसऱ्या घरात अठरावा. पोथी तीच, वाचन वेगळं. स्वादुपिंडातल्या विशिष्ट पेशी इन्सुलिनचं पान वाचतात. हृदयाच्या पेशी मायोसिन, अ‍ॅक्टिन, ट्रोपोनिन यांची पानं वाचतात आणि इन्सुलिनचं पान त्यांच्यात आयुष्यभर मिटलेलं राहतं.

याचा पुरावा पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. जऊळक्यात कुणाच्या छातीत दुखलं तर त्याला वाशीमला किंवा अकोल्याला नेतात. तिथे ईसीजी काढतात आणि रक्त घेऊन ट्रोपोनिनची तपासणी करतात. ही तपासणी कशावर चालते? ट्रोपोनिनचा हृदयातला प्रकार निरोगी माणसात जवळजवळ फक्त हृदयाच्या पेशींतच तयार होतो. तो रक्तात बऱ्यापैकी सापडला, म्हणजे हृदयाच्या पेशींना इजा झाली, त्यातल्या काही फुटल्या. ते जनुक हातापायाच्या स्नायूंतही तितकंच चालू असतं तर दिवसभर सोयाबीन सोंगून आलेल्या प्रत्येक माणसाचा रिपोर्ट वाईट आला असता. जनुक नियमनाचं इतकं रोजच्या वापरातलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

बटण कुठे असतं आणि दाबतं कोण?

जनुकाच्या सुरुवातीला डीएनएचा एक तुकडा असतो, त्याला प्रवर्तक किंवा प्रमोटर म्हणतात. आरएनए पॉलिमरेज तिथे बसलं की प्रतिलेखन सुरू होतं. इथपर्यंत लॅक ओपेरॉनसारखंच आहे. पण प्राण्यांच्या पेशीत आणखी एक भानगड असते. जनुकापासून हजारो, कधी लाखो अक्षरं दूर डीएनएचे काही तुकडे असतात, त्यांना एन्हान्सर म्हणजे वर्धक म्हणतात. प्रतिलेखन घटक नावाची प्रथिनं या वर्धकांवर येऊन बसतात, मधला डीएनए वळसा घेतो आणि दूरचा वर्धक प्रवर्तकाजवळ येतो. तेव्हा कुठे जनुक जोरात चालतं.

आता शेतातल्या विहिरीवरची मोटर डोळ्यासमोर आणा. मोटर दोन किलोमीटरवर, शेतकरी घरी. स्टार्टरला मोबाईल जोडलेला आहे. घरून फोन लावला की तिकडे मोटर सुरू. वर्धकाचं काम असं दुरून चालतं. पण फोन लावून उपयोग कधी? लाइनीत थ्री फेज असेल तेव्हाच. लाइन नसेल तर दहा वेळा फोन करा, पाणी येणार नाही.

पेशीत ही लाइन म्हणजे क्रोमॅटिन. एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून केंद्रकात बसवलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथलं जनुक वाचता येत नाही. जिथे सैल, तिथलं येतं. हिस्टोनांवर छोटे रासायनिक गट चिकटतात. अ‍ॅसिटिल गटाने गुंडाळी सैल होते, काही ठिकाणच्या मिथिल गटांनी ती घट्ट होते. म्हणजे बटण दाबणारा प्रतिलेखन घटक आला तरी लाइन चालू असेल तरच काम होतं. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा पाठ त्याच्यावर उभा आहे.

डोंगर, पाणी आणि पुण्याच्या एक संशोधक

आपला वाशीम जिल्हा पाण्याच्या दृष्टीने मोठा गमतीशीर आहे. जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडची पैनगंगा मात्र वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला जाते. एकाच ढगातून पडलेले दोन थेंब, माथ्यावर हातभर अंतराने पडले, तर एक पश्चिमेच्या समुद्रात आणि दुसरा पूर्वेच्या. माथ्यावर दोघांनाही दोन्ही रस्ते खुले असतात. एकदा ओढ्यात उतरल्यावर मात्र परत चढून दुसऱ्या खोऱ्यात जाणं नाही.

ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९५७ साली आपल्या पुस्तकात नेमकं असंच चित्र छापलं. उतरता डोंगर, माथ्यावर एक चेंडू, खाली फाटत जाणाऱ्या दऱ्या. चेंडू म्हणजे भ्रूणातली पेशी आणि दऱ्या म्हणजे तिची संभाव्य भवितव्यं: मज्जा, रक्त, स्नायू, कातडी. त्याच पुस्तकात एक दुसरं चित्र आहे, ते कमी लोक पाहतात. त्यात डोंगर खालून दाखवलाय. जमीन तंबूच्या कापडासारखी दोऱ्यांनी ताणून धरली आहे आणि दोऱ्या खुंट्यांना बांधल्या आहेत. खुंट्या म्हणजे जनुकं. दरी कुठे पडेल हे एक खुंटी ठरवत नाही, अनेक दोऱ्यांचा ताण मिळून ठरवतो. माझ्या मते पहिल्यापेक्षा हे चित्र जास्त शिकवतं.

या वॉडिंग्टन यांच्या एडिंबरा येथील प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात एका मराठी संशोधक बाईंनी काम केलं. त्या म्हणजे डॉ. लीला मुल्हेरकर. कोंबडीचा भ्रूण अंड्याबाहेर काचेच्या भांड्यात वाढवायचा, त्याचा एक तुकडा दुसरीकडे लावून पाहायचा, काय घडतं ते तपासायचं, असं ते काम होतं. पुढे पुणे विद्यापीठाच्या प्राणीशास्त्र विभागात त्यांनी हे तंत्र रुजवलं आणि भारतात विकासाच्या जीवशास्त्राची एक पिढी घडवली. बी.एस्सी.ला प्राणीशास्त्र घेणाऱ्यांना कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८, ७२ तासांच्या स्लाइड पाहून आकृत्या काढाव्या लागतात. त्या कंटाळवाण्या वाटतात खऱ्या. पण ३३ तासांच्या आसपासच्या स्लाइडमध्ये दिसणारी ती वाकडी नळी म्हणजे हृदय आहे, हे कळल्यावर तीच आकृती वेगळी दिसते. (पेशींवर काम करायची इच्छा असलेल्यांनी पुणे विद्यापीठाच्याच आवारातल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सचं नाव लिहून ठेवा. तिथे पेशींचा मोठा साठा आहे आणि देशभरातल्या प्रयोगशाळांना तिथून पेशी पुरवल्या जातात.)

अंड्यात दीड दिवसात काय घडतं?

खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते हे तुम्हाला माहीतच आहे. फळलेलं अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशींची छोटी चकती तयार असते. अंडं थंड पडलं की वाढ थांबते, ऊब मिळाली की पुन्हा सुरू होते. म्हणूनच आठवडाभर जमवलेली अंडी एकदम बसवली तरी पिल्लं साधारण बरोबरच निघतात.

ऊब मिळाल्यावर चकतीच्या मध्ये एक पट्टी उठते. वरच्या थरातल्या पेशी त्या पट्टीतून आत उतरतात आणि मधला थर बनतो, तो मध्यस्तर. त्यातल्या काही पेशी डावी-उजवीकडे पसरत पुढे सरकतात, डोक्याच्या बाजूला दोन ठिगळं होतात, ती मध्यरेषेवर येऊन एकमेकांना जुळतात आणि एक नळी तयार होते. सुमारे दीड दिवसाने ही नळी आकुंचन पावू लागते. अजून रक्ताभिसरण नीट सुरू नाही, मेंदूतून तिथे एकही चेता पोचलेली नाही, आणि तरी ठोके सुरू. चौथ्या दिवशी अंधारात बॅटरीसमोर अंडं धरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रक्तवाहिन्या आणि मध्ये हलणारा ठिपका दिसेल. माणसाच्या गर्भात हाच टप्पा तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी, सुमारे २२ व्या दिवशी येतो.

आता हेच जनुकांच्या बाजूने पाहू. मूलपेशी असताना ऑक्ट-४, नॅनॉग ही जनुकं चालू असतात. ती पेशीला माथ्यावर धरून ठेवतात, कुठल्याच दरीत उतरू देत नाहीत. मध्यस्तर होताना ब्रॅकियुरी नावाचं जनुक चालू होतं. मग थोडा वेळच मेस्प-१ चालू होतं. ते हृदयाच्या वाटेला लागलेल्या पेशींची खूण आहे, काम झालं की बंद. त्यानंतर एनकेएक्स २-५, गाटा-४, टीबीएक्स-५, मेफ-२सी ही प्रतिलेखन घटकांची टोळी येते. टोळी म्हणायचं कारण, हे घटक एकमेकांची जनुकं चालू ठेवतात आणि वर्धकांवर जोडीने बसतात. एकटा-दुकटा फार काही करू शकत नाही. त्यांच्या हुकमाने शेवटी मायोसिन, अ‍ॅक्टिन, ट्रोपोनिन, कॅल्शियमच्या वाहिन्या ही प्रत्यक्ष काम करणारी जनुकं चालू होतात आणि पेशी आकुंचन पावू लागते. दरम्यान मायक्रो आरएनए-१ सारखे बारीक आरएनए, पेशीच्या या नव्या कामात अडथळा आणणारे जुने संदेश दाबून टाकतात. चालू करण्याइतकंच बंद करण्यालाही महत्त्व आहे.

एनकेएक्स २-५ च्या शोधाची गोष्ट सांगायला हवी. फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माशीच्या पाठीत नळीसारखं हृदय असतं. १९९३ साली रॉल्फ बोडमर यांनी दाखवलं की एक जनुक बिघडलं तर त्या माशीच्या भ्रूणात हृदय तयारच होत नाही. जनुकाला नाव मिळालं टिनमॅन, 'विझार्ड ऑफ ऑझ' मधल्या हृदय नसलेल्या पत्र्याच्या माणसावरून. त्याच सुमारास उंदरात याचा भाऊ सापडला, तो एनकेएक्स २-५. तो काढून टाकला तर उंदरात नळी तयार होते, पण ती नीट वळत नाही आणि गर्भ मरतो. माशी आणि उंदीर यांचे पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले, तरी बटण तेच राहिलं.

आणि माणूस? १९९८ साली काही कुटुंबांमध्ये हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः भोक असण्याचं आणि ठोक्यांचा संदेश अडखळण्याचं कारण एनकेएक्स २-५ मधला बदल आहे, असं सिद्ध झालं. त्याआधी १९९७ मध्ये टीबीएक्स-५ चा संबंध होल्ट-ओरॅम विकाराशी जोडला गेला होता. त्यात हृदयात दोष असतो आणि अंगठा किंवा हाताचं हाडही वेगळं घडतं. हेच जनुक दोन्हीकडे वापरलं जातं. या रुग्णांकडे जनुकाची दुसरी प्रत चांगली असते, तरीही दोष येतो. म्हणजे बटण फक्त चालू असून भागत नाही, किती जोरात चालू आहे हेही मोजलं जातं.

तोच पाऊस, पण वेळ वेगळी

इथे पाठाचा गाभा आहे, जरा सावकाश वाचा.

पेशी एकमेकींना रासायनिक संदेश पाठवतात. त्यातला एक म्हणजे विंट. मध्यस्तर तयार होण्यासाठी विंटचा संदेश लागतोच, तो नसेल तर पुढचं काहीच नाही. पण २००१ साली कोंबडीच्या आणि बेडकाच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांत उलटंच दिसलं. मध्यस्तर तयार झाल्यावर विंटला अडवलं, तर जिथे एरवी हृदय होत नाही अशा भागातल्या पेशीही हृदयाच्या वाटेला लागल्या. थोडक्यात, आधी ज्या संदेशाशिवाय हृदय शक्य नव्हतं, थोड्याच वेळाने तोच हृदयाला अडवतो.

हे ऐकून गोंधळलात ना? पण तुमच्या वडिलांना विचारा. जूनमध्ये पेरणीला पाऊस हवा असतो. तोच पाऊस ऑक्टोबरमध्ये सोंगून ठेवलेल्या सोयाबीनवर पडला तर शेंगांना कोंब फुटतात. पाऊस बदललेला नसतो, शेत बदललेलं असतं. पेशीचंही तसंच. पहिल्या वेळी क्रोमॅटिनच्या ज्या लाइनी चालू होत्या त्या वेगळ्या, दुसऱ्या वेळच्या वेगळ्या. संदेशाचा अर्थ संदेशात नसतो, तो कुठल्या पेशीने आणि कधी ऐकला यावर ठरतो.

आता हे ज्ञान वापरून बशीत हृदयाची पेशी बनवता येते का? येते. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीच्या पेशींत चार प्रतिलेखन घटकांची जनुकं घातली आणि त्या पेशी पुन्हा मूलपेशींसारख्या झाल्या. खोऱ्यात उतरलेलं पाणी मोटर लावून माथ्यावर चढवलं म्हणा. या कामासाठी त्यांना २०१२ चं नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्याबरोबर मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने एक सोपी कृती प्रसिद्ध केली. मूलपेशींना पहिल्या दिवशी विंटचा मार्ग चालू करणारं एक रसायन द्यायचं. तिसऱ्या दिवशी विंटला अडवणारं दुसरं रसायन द्यायचं. बस, दोनच मुख्य रसायनं. आठ-दहा दिवसांत बशीतला थर धडधडू लागतो आणि त्यात ९८ टक्क्यांपर्यंत पेशी हृदयस्नायूच्या असू शकतात. अंड्यात जे कोंबडीच्या उबेत आपसूक होतं, त्याचाच क्रम इथे घड्याळ लावून पाळलेला आहे.

दुसरा एक रस्ताही आहे. २०१० साली दीपक श्रीवास्तव यांच्या सॅन फ्रान्सिस्कोमधल्या प्रयोगशाळेने गाटा-४, मेफ-२सी आणि टीबीएक्स-५ ही तीन जनुकं उंदराच्या हृदयातल्या, स्नायू नसलेल्या साध्या पेशींत घातली. माथ्यावर न जाता एका दरीतून शेजारच्या दरीत बोगदा खणल्यासारखं. काही पेशी हृदयस्नायूसारख्या झाल्या, पण थोड्याच, आणि बहुतेक अर्धवट. कारण आता तुम्हीच सांगू शकाल: फोन लावला, पण सगळीकडे थ्री फेज नव्हती.

बशीतली पेशी अजून बाळ आहे

बशीत धडधडणाऱ्या पेशींचे व्हिडिओ इंटरनेटवर भरपूर आहेत, जरूर पाहा. पण त्यात एक गोम आहे. आपल्या हृदयाच्या खालच्या कप्प्यातली प्रौढ पेशी एरवी स्वतःहून धडधडत नाही, वरून विजेचा संदेश आला की आकुंचन पावते. बशीतली पेशी आपापली धडधडते, कारण ती गर्भातल्या पेशीसारखी आहे. तिच्यात ट्रोपोनिन आयचा गर्भातला प्रकार चालू असतो, प्रौढ प्रकाराचं जनुक अजून पुरतं जागं झालेलं नसतं. ती जास्त करून साखरेवर जगते, प्रौढ हृदय मात्र मुख्यतः मेदाम्लांवर चालतं. माणसात हे बदल व्हायला जन्मानंतरचे महिने-वर्षं लागतात, आणि बशीत इतकी वाट कोण पाहणार? याचा परिणाम काय होतो ते २०१४ मध्ये दिसलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी अशा पेशी माकडांच्या इजा झालेल्या हृदयात घातल्या. पेशी तिथे रुजल्या, पण ठोके अनियमित झाले. नव्या पेशी स्वतःच्या तालावर धडधडत होत्या. जपान आणि जर्मनीत माणसांवर चाचण्या चालू आहेत, त्या सावधपणे, थोड्या रुग्णांवर.

हे सगळं आपल्याला का हवं? हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाच्या सुमारे शंभर कोटी पेशी मरू शकतात. त्यांच्या जागी स्नायू येत नाही, वण येतो. २००९ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४ च्या आधारे पेशींचं वय मोजलं. पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का हृदयस्नायू पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. झटक्यातलं नुकसान भरायला हे पुरत नाही.

आणि नेमकी इथेच काही जण जाहिरात करतात: तुमच्याच हाडातल्या मगजातून मूलपेशी काढून हृदयात सोडतो, हृदय नवं होईल. काही लाख रुपये सांगतात. वडिलांचा इको रिपोर्ट हातात घेऊन शेत विकावं की काय या विचारात पडलेलं घर अशा जाहिरातीला सहज भुलतं. म्हणून आज शिकलेलं इथे लावून पाहा. मगजातली रक्तपेशी बनवणारी मूलपेशी माथ्यावर नाही, ती रक्ताच्या खोऱ्यात बरीच खाली उतरलेली आहे. तिच्यातली हृदयाची लाइन बंद आहे. नुसतं हृदयात सोडल्याने ती चालू कशी होईल? २००१ साली उंदरावरच्या एका प्रयोगातून असा दावा झाला होता की ती हृदयस्नायू बनते. २००४ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी तपासलं, तेव्हा त्या पेशी रक्तपेशीच राहिल्या होत्या. मूळ दावा करणाऱ्या गटाच्या प्रमुखांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस २०१८ मध्ये हार्वर्डनेच केली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही स्पष्ट आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे, बाकी मूलपेशींचा वापर फक्त नोंदणी झालेल्या चाचणीत करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. कुणी पैसे मागत असेल तर चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारा, तो सरकारी नोंदवहीत इंटरनेटवर शोधता येतो.

पंचवीस अक्षरं

मग बशीतल्या पेशींचा आजच काही उपयोग आहे का? आहे, आणि तो थेट आपल्या लोकांशी संबंधित आहे.

हृदयस्नायूत मायोसिनला आवर घालणारं एक प्रथिन असतं, त्याच्या जनुकाचं नाव एमवायबीपीसी-३. या जनुकात २५ अक्षरं गाळलेली असण्याचा एक प्रकार भारतीय उपखंडात सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबीचे के. थंगराज, पी. एस. धंडपाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं की सुमारे ४ टक्के भारतीयांत तो आहे आणि हृदयस्नायूच्या विकाराशी त्याचा संबंध आहे. गंमत म्हणजे ही गाळलेली अक्षरं प्रथिनाच्या सूचनेत नाहीतच. ती इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे आरएनए तयार झाल्यावर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात आहेत. पण कापणाऱ्या यंत्रणेला खूण पटवणारा तुकडा त्यांच्यात असल्याने कात्री चुकते, शेजारचा कामाचा भागही निघून जातो आणि प्रथिनाचं शेपूट बिघडतं. बटण चालू करणं जसं नियमन, तसं आरएनए कुठे कापायचा हेही नियमनच.

पण चार टक्के म्हणजे वर्गातल्या पन्नासपैकी दोघं. तेवढ्यांना हृदयविकार होताना तर दिसत नाही. मग? २०१८ साली अमेरिकेतल्या दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की त्यांतल्या काहींच्या त्याच जनुकात आणखी एक बदल आहे, आणि हृदयाच्या कामातला फरक मुख्यतः या दोन्ही बदल एकत्र असणाऱ्यांत आढळतो. इथे बशी उपयोगी पडली. हा बदल असणाऱ्यांच्या पेशींपासून मूलपेशी आणि त्यांपासून हृदयस्नायू पेशी बनवल्या, तेव्हा त्या आकाराने मोठ्या आणि कॅल्शियमच्या चढउतारात अनियमित निघाल्या. कुणाच्या छातीला हात न लावता त्याच्या हृदयाच्या पेशी काचेखाली पाहता आल्या. घरात कमी वयात अचानक मृत्यू झाला असेल किंवा हृदयाचा स्नायू जाड असल्याचं निदान झालं असेल, तर बाकीच्यांनी इको तपासणी करून घ्यावी असं डॉक्टर सांगतात, ते अशा आनुवंशिक कारणांमुळेच.

पुढच्या तासाला येताना एका प्रश्नाचा विचार करून या. समजा प्रयोगशाळेतल्या मुलाने दोन बाटल्यांची अदलाबदल केली: विंट अडवणारं रसायन पहिल्या दिवशी आणि विंट चालू करणारं तिसऱ्या दिवशी दिलं. दहाव्या दिवशी बशीत काय दिसेल? 'हृदय होणार नाही' एवढं उत्तर पुरणार नाही. पहिल्या दिवशी पेशीच्या कुठल्या लाइनी चालू होत्या, कुठलं जनुक कधीच चालू झालं नसेल आणि तिसऱ्या दिवशीचा संदेश तिने कसा ऐकला असेल, हे वहीत डोंगराची आकृती काढून दाखवा.